स्कूबाचा सेट धुणं : हा वेळ तुमच्या हिशोबात धरलाय का?

मालवण-तारकर्लीकडे स्कूबा किंवा स्नॉर्केलिंगचा व्यवसाय सुरू करायचाय, असं म्हणणारे बरेच जण असतात. बोट, सिलिंडर, इन्स्ट्रक्टर, परवाने, सगळ्याचं बजेट तयार असतं. मी एकच विचारतो, "एका पर्यटकाच्या तोंडातला माउथपीस दुसऱ्याच्या तोंडात जाईपर्यंत मध्ये काय होणार?" उत्तर येतं, "बादलीत बुचकळायचा."

आता ही बादली बघा. सकाळी भरलेली, सगळ्यांचे मास्क आणि रेग्युलेटर त्याच पाण्यात. मास्कवर धुकं येऊ नये म्हणून आत थुंकायची जुनी सवय, म्हणजे थुंकीही तिथेच. दुपारपर्यंत ती बादली स्वच्छ करत नाही, वाटप करते. (थुंकण्याऐवजी पाण्यात थोडा बेबी शाम्पू मिसळून ठेवा. तेवढंच काम होतं.)

पद्धत साधी आहे. आधी गोड्या पाण्याने मीठ, वाळू, लाळ काढायची. ही पायरी गाळू नका, कारण घाण असेल तर औषधाची ताकद त्या घाणीवरच खर्च होते. मग जंतुनाशकात बुडवायचं. मग पुन्हा ताज्या गोड्या पाण्याने खळखळून धुवायचं.

जंतुनाशक कुठलं? बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखं क्वाटरनरी अमोनियम वर्गातलं औषध रबर-सिलिकॉनला ब्लीचपेक्षा सौम्य पडतं. ब्लीच स्वस्त आहे, पण प्रमाण हवं. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल, तर १ भाग ब्लीच आणि ४९ भाग पाणी, म्हणजे ०.१ टक्का. २० लिटरच्या बादलीत ४०० मिली. अंदाजाने ओतू नका, मापटं ठेवा. रोज नवीन द्रावण करा आणि त्यात व्हिनेगर किंवा दुसरा कुठलाही क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. जास्त कडक ब्लीच केलं की जास्त स्वच्छ, असं नसतं. रबर लवकर जातं आणि धातू गंजतो. सेटच्या कंपनीचं मॅन्युअल काय सांगतं तेही आधी वाचा.

काही जण फक्त माउथपीस बदलून देतात. गिऱ्हाईक खूश होतं, पण श्वास सोडताना लाळ सेकंड स्टेजच्या आतही जाते. म्हणून अख्खी सेकंड स्टेज बुडवायची, ऑक्टोपससकट. फर्स्ट स्टेज सिलिंडरला जोडलेली आणि हवा चालू असेल तर उत्तम. जोडलेली नसेल तर डस्ट कॅप कोरडी करून घट्ट बसवा, आणि पाण्यात असताना पर्जचं बटण अजिबात दाबू नका. पाणी होजमधून फर्स्ट स्टेजमध्ये शिरलं की दुरुस्तीचं बिल तुमचंच.

आता धंद्याचं गणित. समजा एका वेळी ४ पर्यटक, तयारी धरून २० मिनिटं. औषधाच्या लेबलवर १० मिनिटं बुडवा असं असेल, तर आधीचं-नंतरचं धुणं, निथळणं धरून धुण्यालाही २० मिनिटं. दिवसाला २४ गिऱ्हाइकं म्हणजे ६ बॅच. तुमच्याकडे ४ च सेट असतील तर ६ डाइव्ह आणि मधली ५ धुणी, एकूण ३ तास ४० मिनिटं. ८ सेट असतील तर एक बॅच पाण्यात असताना दुसरी धुतली जाते आणि काम २ तासांत होतं.

सीझनच्या गर्दीत, दिवाळी-नाताळला, किनाऱ्यावर रांग लागली की सर्वात आधी काय कापलं जातं? ती १० मिनिटं! पोरगा आळशी असतो म्हणून नाही, मालकाने सेटच कमी घेतले म्हणून. माझं स्पष्ट मत : बोटीच्या रंगावर, बॅनरवर खर्च करण्याआधी जादा रेग्युलेटर घ्या. पैसे नसतील तर बॅच कमी लावा.

गोड्या पाण्याचा खर्चही धरा. बोटीवर तीन टब, झाकणासकट : पहिला धुण्याचा, दुसरा औषधाचा, तिसरा शेवटच्या पाण्याचा. टबावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. औषधाच्या टबाजवळ घड्याळ टांगा, म्हणजे पर्यटकालाही दिसतं.

संध्याकाळी बीसीडीच्या आत इन्फ्लेटर होजमधून गोडं पाणी घालून हलवा, सगळं काढून टाका आणि थोडी हवा भरून ठेवा. वेटसूट उलटा करून धुवा, रुंद हँगरवर सावलीत वाळवा. उन्हात निओप्रीन कडक होतं. पावसाळ्यात धंदा बंद करताना ओलसर वेटसूट पेटीत कोंबले, तर सीझन उघडताना बुरशीच बाहेर येईल.