चुंबकाने हायड्रोजन वाढतो का? मोजून बघा

पाण्याचं विद्युत अपघटन करताना भांड्यापाशी लोहचुंबक ठेवला की हायड्रोजन कितीतरी जास्त निघतो, असं सर्रास ऐकू येतं. 21 ऑगस्ट 2022 रोजी केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही संशोधन संस्था यांनी विकसित केलेली हायड्रोजन फ्यूएल सेलवरची बस पुण्यातच सादर झाली. त्या शहरातल्या मुलांनी हा दावा स्वतः तपासावा, असं मला मनापासून वाटतं. बुडबुडे बघून मात्र काही कळत नाही. वायू मोजायचा आणि वीजही मोजायची. प्रयोगाच्या वेळी घरातलं मोठं माणूस सोबत हवंच.

साहित्य : प्लास्टिकचा पारदर्शक डबा, धुण्याचा सोडा, 10 मिलीची बिनसुईची सिरिंज, एम-सील, तांब्याची तार, 1.5 व्होल्टचे चार सेल, मल्टिमीटर, चपटा गोल निओडिमियम चुंबक, डोळ्यांना चष्मा, हातमोजे. क्लच पेन्सिलची 2 मिमी जाडीची शिसं अप्पा बळवंत चौकात मिळतील, विजेचं सामान तपकीर गल्लीत.

सोड्याऐवजी मीठ टाकू नका, क्लोरीन निघतो. स्टीलचे चमचे किंवा खिळेही नकोत. धनाग्रावर स्टीलमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि त्याची संयुगं विषारी असतात. घरातल्या प्लगची वीज तर अजिबात नाही.

1. डब्याच्या तळाला 4 सेंमी अंतरावर दोन भोकं पाडा. शिसं खालून वर घाला, आत 3 सेंमी उभी राहू द्या आणि एम-सील लावून रात्रभर वाळवा. ऋणाग्र होणाऱ्या, म्हणजे सेलच्या ऋण टोकाला जोडायच्या शिसाच्या तळाकडच्या 1 सेंमी भागाला नेलपॉलिश लावा, म्हणजे बुडबुडे फक्त वरच्या भागातून निघतील.

2. डबा दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. शिसांच्या खालच्या टोकांना तांब्याची तार गुंडाळा. क्रोकोडाइल क्लिप नको, ती लोखंडी असते आणि चुंबकाला जाऊन चिकटते. चुंबकालाही चिकटपट्टी गुंडाळा, कारण तो वीजवाहक आहे.

3. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे सोडा विरघळवून डब्यात ओता. सिरिंजचा दट्ट्या काढून टोक एम-सीलने बुजवा, ती द्रावणाने भरून ऋणाग्रावर पालथी घाला. तळापासून अर्धा सेंमी जागा सोडा. आत राहिलेल्या हवेचं माप आधी लिहून ठेवा.

4. चारही सेल एकसर जोडा. मल्टिमीटरही एकसर जोडणीत घ्या, सेलच्या दोन टोकांना थेट कधीही लावू नका. प्रवाह 100 मिलिअँपिअरच्या आसपास येईल इतपत सोडा कमीजास्त करा. मग 10 मिनिटं चालवा आणि दर मिनिटाला प्रवाह लिहा.

5. आता चुंबक दोन शिसांच्या मधोमध तळाला खालून टेकवून तेच पुन्हा करा. मधल्या द्रावणात खायच्या रंगाचा एक थेंब सोडा. तो एका बाजूला ढकलला जाताना दिसेल, आणि चुंबक उलटा केला की विरुद्ध बाजूला. या कृतीत सगळ्यात बघण्यासारखं हेच आहे : चुंबकीय क्षेत्रात वाहणाऱ्या आयनांवर आडवा जोर येतो आणि द्रावण ढवळलं जातं.

6. एकदा चुंबकाशिवाय, एकदा चुंबकासह, असं आळीपाळीने बऱ्याच वेळा करा. नाहीतर फसाल. सेल उतरत जातात तसा प्रवाह घटतो आणि द्रावण तापलं की वाढतो, एका अंशाला साधारण 2 टक्के. त्याचं श्रेय चुंबकाला जायला नको.

सरासरी प्रवाहाला (अँपिअरमध्ये) सेकंदांनी गुणा, उत्तर कूलोममध्ये येईल. 100 मिलिअँपिअर 10 मिनिटं म्हणजे 60 कूलोम. फॅरेडेच्या नियमाने त्यातून समुद्रसपाटीला 25 अंशांवर सुमारे 7.6 मिली हायड्रोजन मिळतो. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी असतो, शिवाय वायूत पाण्याची वाफ मिसळते, म्हणून इथे 8 मिलीच्या थोडं वर माप यायला हवं. बरंच जास्त आलं तर द्रावण ढवळल्यामुळे धनाग्रावरचे ऑक्सिजनचे बुडबुडे सिरिंजमध्ये शिरलेत का, ते आधी बघा. कित्येक ‘वाढी’ अशाच निघतात.

असं मिश्रण धोक्याचं असतं. हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्के असला की पेट घेऊ शकतो, म्हणून काडी लावून बघू नका. सिरिंज उघड्या खिडकीत उचला, वायू निघून जाईल.

चुंबकाने शिसावरचे बुडबुडे लवकर सुटले तर प्रवाह थोडा वाढू शकतो. पण दर कूलोममागे निघणारा हायड्रोजन तेवढाच राहतो. 6 व्होल्टवर 60 कूलोमला 360 जूल खर्च होतात आणि वायूत जेमतेम 90 जूल साठतात, बाकीची बहुतेक उष्णता होते. चुंबकाला काही वाचवता आलं तर या तोट्यातलंच. तेव्हा चुंबक लावलेला असा डबा स्कूटरच्या इंजिनाला जोडून पेट्रोल वाचवायच्या फंदात पडू नका.