भोकांची डिस्क घेण्याआधी

अगं छकुली, तू पाठवलेले फोटो पाहिले. भोकं पाडलेली चकचकीत डिस्क, तिच्यावर बसलेला लाल कॅलिपर. दिसतं देखणं, त्यात वादच नाही. स्वतःच्या पगारातून घेतलेली पोलो आहे, तिचे लाड करावेसे वाटणारच. पण तू पुढे विचारलंस, ‘ताई, याने गाडी लवकर थांबेल ना?’ या प्रश्नाला मला हो म्हणता येत नाही. घाटकोपरला बाबांच्या स्पेअरच्या काउंटरवर मी इतकी वर्षं बसतेय. अशा डिस्क हौसेने घेऊन जाणारी मुलं काही महिन्यांनी परत येऊन काय सांगतात, ते मी ऐकलंय.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. डिस्क चाक थांबवते, गाडी थांबवतो तो टायर. जोरात ब्रेक दाबल्यावर तुझ्या पायाखाली एबीएसची कडकड लागते ना? म्हणजे कंपनीची साधी डिस्क आत्ताच चाक जाम करण्याइतकी ताकद देतेय आणि रस्त्यावरची पकड त्याआधीच संपतेय. मग आणखी महाग डिस्क लावून थांबण्याचं अंतर कुठून कमी होणार? तुझे टायर कधीचे आहेत ते बघितलंस का? टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. ३११८ असेल तर तो २०१८ च्या एकतिसाव्या आठवड्यातला. जुन्या गाडीबरोबर असेच कडक झालेले टायर येतात, आणि पहिल्या पावसात वेस्टर्न एक्स्प्रेसच्या पुलांवर गाडी सरकते ती त्यांच्यामुळे. तुझ्याकडे एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर टायर घे. बाकी सगळं नंतर.

आता डिस्कचं खरं काम. ती गाडीचा वेग उष्णतेत बदलते आणि ती उष्णता हवेत सोडते. डिस्क ब्रेकचा बोलबाला झाला तोच उष्णतेपायी. १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्क ब्रेक लावलेल्या गाड्या उतरवल्या आणि शर्यत जिंकली. ड्रमवाल्या गाड्यांचे ब्रेक तापून सैल पडत होते, यांचे टिकत होते. म्हणजे चांगली डिस्क हवी ती तापण्यासाठी. मग प्रश्न असा की तुझी डिस्क तापते कुठे?

बोरिवलीहून अंधेरीला ऑफिसला जाताना नाही तापत. ढोबळ हिशोब सांगते. माणसं धरून दीड टनाची गाडी ६० च्या वेगावरून शून्यावर आणलीस, तर पुढच्या डिस्क एका वेळेला तीस-चाळीस अंशांनी तापतात, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत बऱ्याचशा निवतात. एस. व्ही. रोडवर तर ६० चा वेग मिळतोच कधी! अशा गाडीला शर्यतीचे पॅड लावणं घातकच, कारण ते थंड असताना नीट चावतच नाहीत. तुझा ब्रेक सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पहिल्यांदा दाबलास तेव्हाच चावायला हवा.

घाटात मात्र गणित उलटं होतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, खोपोली अगदी पायथ्याला. आई-बाबा आणि सामान घेऊन दीड टनाची गाडी पाचशे मीटर खाली उतरवायची, म्हणजे ६० वरून शून्यावर पस्तीस वेळा थांबवण्याइतकी उष्णता कुठेतरी जिरवायची. ती सगळी डिस्कवर टाकलीस तर जगातली कुठलीही भोकं तुला वाचवणार नाहीत. निम्मं काम इंजिनाला दे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतर, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाक. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नकोस. दाब, वेग उतरव, सोड, निवू दे. कोकणात जाताना घाट लागले की हेच.

भोकांकडे वळू. ती मुळात पडली जुन्या पॅडांपायी. त्या काळच्या मिश्रणातून तापल्यावर वायू निघायचा, पॅड आणि डिस्कमध्ये अडकायचा, त्याला वाट हवी होती. आजच्या पॅडमध्ये तो त्रास जवळपास उरलेला नाही. उरलं काय, तर भोकांमुळे लोखंड कमी झालं, म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी झाली. शिवाय तापणं-निवणं सुरू झालं की भोकाच्या कडेपासून केसासारखी बारीक चीर निघते. काउंटरवर परत आलेल्या अशा डिस्क मी हातात धरून पाहिल्यात. चीर एका भोकातून निघून शेजारच्या भोकाकडे चाललेली असते, नखाला लागते. बड्या कंपन्यांच्या महागड्या गाड्यांतही भोकं असतात, पण ती डिस्क त्या गाडीसाठी बनवून, तपासून लावलेली असते. साध्या डिस्कला ड्रिल मारून विकलेला माल वेगळा. तो तर फुकट दिला तरी घेऊ नकोस.

स्लॉटवाली, म्हणजे तिरप्या चरांची डिस्क, त्यापेक्षा बरी. चर पॅडचा पृष्ठभाग खरवडत राहतात, पाणी-भुकटी बाहेर काढतात. पण पॅड लवकर झिजतात आणि ब्रेक दाबताना घरघर येते. तू दर शनिवार-रविवार घाट करणार असशील, ट्रॅकवर जाणार असशील तर विचार कर. ऑफिस आणि मावशीकडे मुलुंडला जाण्यासाठी मला ती गरजेची वाटत नाही.

मोठी डिस्क, मोठा कॅलिपर असा संच बसवून देतो म्हणणारे भेटतील. आधी विचार, तुझ्या रिममध्ये ती बसते का? पुढचा ब्रेक एकटाच बदलला तर पुढे-मागे तोल बिघडतो, तुझ्या पोलोला मागे ड्रमच आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल बोलतं, आणि अपघातानंतर विमावाले बारकाईने बघतात. त्याच मापाची चांगली डिस्क लावलीस तर यातलं काहीच आड येत नाही.

तर तुझ्यासाठी माझी निवड अशी: कंपनीच्या मापाचीच, साधी, आतून हवा खेळणारी, हाय-कार्बन लोखंडाची आणि कोटिंग केलेली डिस्क, दोन्ही बाजूंची जोडीने. हाय-कार्बन अशासाठी की ती उष्णता नीट पसरवते आणि कमी कुरकुरते. कोटिंगसाठी मात्र मी हट्ट धरीन. आपल्याकडे जूनपासून चार महिने गाडी ओलीच असते. सोमवारी सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसतो तो चार-दोन ब्रेकमध्ये पुसला जातो, त्याची काळजी नको. पण मधल्या पाकळ्यांमध्ये आणि हबवर बसणाऱ्या भागात गंज धरला की तो आतून खातो. राखाडी थर दिलेली डिस्क तिथे टिकते.

घेताना डिस्क उजेडात धरून बघ. कडेला किंवा मधल्या घुमटावर ‘मिन टीएच’ असं लिहून मिलिमीटरचा आकडा कोरलेला असतो. डिस्क त्याहून पातळ झाली की ती बाद. लेथवर घासून देतो म्हणणाऱ्याला आधी मायक्रोमीटर लावायला सांग. कोरीव आकडा नसलेली, वजनाला हलकी, डब्यावर गाडीचं नावच नसलेली डिस्क परत ठेव.

पॅडवरही लिहिलेलं असतं. कडेवर एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं शोध. पहिलं थंड पकडीचं, दुसरं तापल्यावरचं. ई पेक्षा एफ वरचढ, एफ पेक्षा जी. दोन्ही अक्षरं एफ असलेलं, नावाजलेल्या कंपनीचं पॅड शहर आणि घाट दोन्हीला पुरतं. आणि ब्रेक ऑइल! ते हवेतली ओल पितं, आणि मुंबईच्या हवेत ओलीला काय तोटा. डॉट ४ चं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की हीच हमी १५५ वर येते. घाटात पेडल अचानक मऊ होऊन खाली जातं ते याच्यामुळे. दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालली तरी. तुझ्या आधीच्या मालकाने ते कधी बदललं कुणास ठाऊक, म्हणून डिस्कबरोबरच बदलून टाक.

बसवताना तू स्वतः तिथे उभी राहा. जुनी डिस्क निघाली की हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पार साफ करायला लाव. कागदाएवढी पापडी जरी खाली राहिली तरी नवी डिस्क डोलते, आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरायला लागतं. मग लोक म्हणतात डिस्क वाकली. चाकाचे बोल्ट एअर गनने धडाधडा आवळू देऊ नकोस. समोरासमोरचे आवळत जायचे आणि शेवटी टॉर्क पान्याने. नव्या डिस्कवर तेलाचा हात असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसायचा.

मग रविवारी भल्या पहाटे विक्रोळी ते मुलुंड ईस्टर्न एक्स्प्रेसला जा. मागे कुणी नाही हे आरशात पाहून ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही. असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर चालवत. पॅडचा एकसारखा थर डिस्कवर बसतो. नंतर काही वेळ ब्रेक न लावता चालवून निवू दे. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभी राहिलीस तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो, आणि पुन्हा तीच थरथर.

आरसीचा फोटो पाठव, चेसिस नंबरवरून बरोबर माप काढून ठेवते. जुने पॅड आणि डिस्क गॅरेजमध्ये सोडून येऊ नकोस, दुकानात घेऊन ये. आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेलं निघालं तर कॅलिपरच्या पिना अडकतायत, आणि त्या मोकळ्या करून ग्रीस लावल्याशिवाय नवी डिस्क मी तुला नेऊ देणार नाही.