जनुकातील कापणीच्या खुणा आणि आपले बेणे

'जनुक सुधारलेले बेणे आहे' असे सांगत कोणी रोपे विकायला आला, तर भाव विचारण्याआधी जनुकाचे काम कसे चालते हे आपल्याला ठाऊक असावे, म्हणून हा विषय घेतला आहे.

पेशीत डीएनएवरील मजकुराची आधी आरएनए ही नक्कल निघते व तिच्यावरून प्रथिन बनते. नकलेत मधेमधे प्रथिनाच्या कामी न येणारे तुकडे असतात. त्यांना इंट्रॉन म्हणतात; १९७७ साली त्यांचा शोध लागला. ठिबकच्या नळीचा खराब तुकडा कापून आपण दोन्ही टोके जॉइनरने जोडतो, तसेच पेशी करते. पण इथे मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. एक अक्षर सरकले की पुढचे सगळेच बिघडते.

मग कापायचे कुठे? तुकड्याच्या सुरुवातीला बहुधा जी-यू आणि शेवटी ए-जी ही अक्षरे असतात. शेवटाच्या थोडे अलीकडे एक ए असतो. सुटलेले टोक आधी त्याला जाऊन चिकटते. आता जी-यू तर नकलेत जागोजागी सापडते. म्हणून वनस्पतीत आणखी एक खूण उपयोगी पडते : इंट्रॉनमध्ये ए आणि यू दाट असतात, कामाच्या भागात जी आणि सी तुलनेने जास्त.

खूण बिघडली तर काय होते, हे भातात पाहा. दाण्यातील अमायलोज बनवणाऱ्या 'वॅक्सी' जनुकात, पहिल्या इंट्रॉनच्या तोंडाशी डीएनएत जी-टी हवे. जपानी पद्धतीच्या बऱ्याच भातांत तिथे टी-टी आहे. त्यामुळे पुष्कळ नकला नीट कापल्या जात नाहीत, अमायलोज कमी पडते आणि भात मऊ, चिकट शिजतो. दाणा भरताना थंडी असली तर कापणी थोडी सुधारते व अमायलोज वाढते! एका अक्षराचा हा परिणाम.

उसात हे इतके सोपे नाही. भाताची गुणसूत्रे २४, उसाची शंभरावर. एकेका जनुकाच्या अनेक प्रती. एका प्रतीतली खूण बदलली तरी बाकीच्या काम चालू ठेवतात. नवी जात काढायला वर्षे लागतात ती याही कारणाने. आपल्या को ८६०३२ मधील ८६ हे १९८६ साल, आणि महाराष्ट्रात ती प्रसारित झाली १९९६ साली.

तेव्हा रोपेवाल्याला एवढेच विचारा : जात कोणती, कोणत्या केंद्राने प्रसारित केली, मूलभूत बेणे कुठून आणले? जनुक-परिवर्तित उसाच्या लागवडीला आपल्या देशात परवानगी नाही, हेही त्याला सांगा. उत्तर पटले नाही तर पैसे देण्याआधी गट ऑफिसला या.