वेबपानांचे सुटे भाग



जुन्या छापखान्यांत ‘क’ हें अक्षर प्रत्येक पुस्तकासाठीं नव्यानें कोरीत नसत. त्याचा खिळा एकदां ओतला, कीं तो हजारों पानांवर कामास येई. आणि खिळा वांकडा निघाला तर तेवढाच बदलीत, सारें पान मोडीत नसत. संगणकावरील वेबपानें रचतांना हीच युक्ति कशी योजितात, तें आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. पालकांनींही हा लेख वाचावा, अशी आमची विनंति आहे. कारण यांतील उदाहरण त्यांच्या पाल्यांच्या गुणपत्रिकेचें आहे.

हा विचार तसा जुनाच आहे. १९६८ सालीं जर्मनींतील गार्मिश येथें नाटो संघटनेच्या पुरस्कारानें भरलेल्या परिषदेंत डग्लस मॅकिलरॉय यांनीं असें प्रतिपादिलें कीं, यंत्रांचे सुटे भाग जसे कारखान्यांत तयार होतात व यादींतून निवडून घेतां येतात, तसेच संगणकाच्या प्रोग्रॅमचेही भाग मिळाले पाहिजेत. वेबपानांसाठीं अशी सोय खुद्द ब्राउझरांतच असावी, ही कल्पना २०११ सालीं अॅलेक्स रसेल यांनीं मांडली. ती सर्वत्र रुळण्यास बरीच वर्षें लागलीं. फायरफॉक्समध्यें ती २०१८ सालीं आणि मायक्रोसॉफ्टच्या एजमध्यें २०२० सालीं आली. अशा भागास वेब कंपोनंट म्हणतात. आपण त्यास ‘घटक’ म्हणूं.

समजा, शाळेच्या वेबपानावर विद्यार्थ्यांचे गुण देवनागरी अंकांत दाखवावयाचे आहेत. त्यासाठीं ‘गुण-अंक’ नांवाचा एक घटक आपण घडवूं. नांवांतील आडवी लहान रेघ शोभेची नव्हे. घटकाच्या नांवांत अशी एक तरी रेघ असलीच पाहिजे, असा नियम आहे. त्यामुळें ब्राउझरच्या मूळच्या नांवांशीं त्याची गल्लत होत नाहीं. आणखी एक नियम असा कीं, नांवाचा आरंभ रोमन लिपींतील लहान अक्षरानेंच व्हावा. पुढें देवनागरी अक्षरें चालतात! एका पानावर एका नांवाची नोंद एकदांच होते. दुसऱ्यांदा तेंच नांव नोंदूं गेल्यास ब्राउझर तें नाकारतो.

घटकास आपलें स्वतंत्र अंगण असतें. त्यास शॅडो डॉम असें नांव आहे. पानावरील रंगरंगोटीचे नियम त्या अंगणांत थेट शिरत नाहींत व आंतले बाहेर सांडत नाहींत. मात्र अक्षरवळण, अक्षरांचा रंग अशा वारशानें उतरणाऱ्या गोष्टी आंत झिरपतात, आणि तें आपल्या पथ्यावरच पडतें. पानासाठीं निवडलेलें देवनागरी वळण घटकासही आपोआप लाभतें.

आतां साधनाकडे वळूं. कमांड लाइन म्हणजे जेथें चित्रांवर बोट न ठेवतां संगणकास शब्दांनीं आज्ञा द्यावयाची ती खिडकी. तेथें एनपीएम हें साधन उपयोगी पडतें. ‘एनपीएम इनिट’ अशी आज्ञा दिली, कीं तें कांहीं प्रश्न विचारून नांव, आवृत्ति वगैरे तपशिलाची एक नोंदवही तयार करतें. (प्रत्यक्ष टंकतांना हे शब्द रोमन लिपींत लिहावयाचे.) त्याच आज्ञेपुढें ओपन-डब्ल्यूसी या संचाचें नांव जोडलें, तर घटकाचा सांगाडा व त्याच्या परीक्षेची मांडणीही तयार मिळते. नवशिक्यानें हाच मार्ग धरावा, असें आमचें मत आहे.

अंक देवनागरींत आणणें सोपें आहे. जावास्क्रिप्ट भाषेंतील अंक-मांडणीच्या सोयीस ‘मराठी, भारत’ एवढें सांगितलें, कीं बारा लक्ष चौतीस हजार पांचशें सदुसष्ट ही संख्या १२,३४,५६७ अशी आपल्या रीतीनें स्वल्पविराम देऊन येते. येथवर काम दहा-पंधरा ओळींत होतें, आणि पुष्कळ जण येथेंच थांबतात.

परंतु खरें काम यापुढेंच आहे. ‘एनपीएम टेस्ट’ या आज्ञेनें घटकाची परीक्षा होते. म्हणजे अमुक दिलें असतां तमुक दिसलें पाहिजे, अशीं वाक्यें आपण आधीं लिहून ठेवतों व साधन तीं एकामागून एक पडताळून पाहतें. आतां पहा: विद्यार्थी आजारी होता, म्हणून शिक्षकांनीं त्याच्या नांवापुढें जागा रिकामी सोडली. जावास्क्रिप्ट रिकाम्या मजकुराची संख्या करतांना शून्य धरते! न दिलेल्या परीक्षेंत मुलास शून्य गुण मिळाल्याचें घरीं दिसेल. त्या घरीं त्या संध्याकाळीं काय होईल, तें आम्ही सांगावयास नको. म्हणून पहिली परीक्षा हीच लिहावी: जागा रिकामी असल्यास ‘गैरहजर’ दिसावें, शून्य नव्हे. आणि खरोखरच शून्य मिळालें असेल तर शून्यच दिसावें, तेंही तपासावें.

दुसरी परीक्षा. कारकुनानें ४५ हा आंकडा देवनागरींतच लिहिला, तर जावास्क्रिप्टला त्याची संख्या करतां येत नाहीं. ती ‘संख्या नव्हे’ असा निर्वाळा देते. तेव्हां देवनागरी अंक आधीं इंग्रजी अंकांत बदलून घेणें घटकाचें काम आहे.

तिसरी याहून सूक्ष्म आहे. ६०० पैकीं २०९ गुण म्हणजे सुमारें ३४.८३ टक्के. घटकानें अपूर्णांक सोडून जवळचा पूर्णांक दाखविला, तर पानावर ३५ दिसेल. उत्तीर्ण होण्याची मर्यादा ३५ टक्के धरली असल्यास वर ‘३५’ व खालीं ‘अनुत्तीर्ण’ असें विचित्र दृश्य दिसून बाप शाळेंत भांडावयास येईल, आणि त्याचें भांडण रास्तच असेल. दोन दशांश स्थळें दाखवावीं व तेवढींच परीक्षेंत मागावीं. ओपन-डब्ल्यूसीच्या सांगाड्यांत आणखी एक परीक्षा आयती असते: अंध वाचकांच्या वाचनसाधनास हा घटक नीट वापरतां येईल काय, याची. ती काढून टाकूं नये. यंत्राच्या तपासणीनें सर्व अडचणी उघड होत नाहींत, पण कांहीं तरी होतात.

परीक्षा उतरल्यावर प्रकाशन. ‘एनपीएम पब्लिश’ म्हणण्यापूर्वीं ‘एनपीएम पॅक’ ही आज्ञा ‘ड्राय-रन’ या पुरवणीसह द्यावी. म्हणजे कोणत्या फायली जगापुढें जाणार याची यादी कांहींही न पाठवितां दिसते. ही यादी डोळ्यांत तेल घालून वाचावी. नमुन्यासाठीं घेतलेली खऱ्या वर्गाची गुणयादी त्यांत राहून गेली, तर मुलांचीं नांवें व गुण कोणासही उतरून घेतां येतील. नमुन्यांत नांवें व गुण कल्पितच असावेत.

कारण एकदां सुटलेला बाण माघारीं आणणें कठीण. प्रकाशन मागें घेण्यास साधारणतः ७२ तासांची मुदत आहे व तीही दुसऱ्या कोणाचें काम त्या घटकावर अवलंबून नसेल तर. मुदतीनंतरच्या अटी याहून कडक आहेत. हा निर्बंध कडू अनुभवांतून आला आहे. २०१६ च्या मार्च महिन्यांत अझेर कोचुलू या प्रोग्रॅमरनें एका नांवावरून झालेल्या वादांत आपले अडीचशेंहून अधिक संच एनपीएमवरून काढून घेतले. त्यांत लेफ्ट-पॅड नांवाचा अवघ्या ११ ओळींचा एक होता. मजकुराच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा वा इतर चिन्हें भरून त्याची लांबी पुरी करणें, एवढेंच त्याचें काम. पण त्यावर इतर संच व त्यांवर आणखी इतर उभे होते. जगभर अनेकांचीं कामें अडलीं, आणि एनपीएमच्या चालकांनीं कांहीं तासांतच तो संच परत आणला.

आवृत्तीच्या क्रमांकांत तीन आंकडे असतात. चूक दुरुस्त केल्यास तिसरा वाढवावा, जुन्यास धक्का न लावतां नवी सोय दिल्यास दुसरा, आणि वापरणाऱ्यास आपलें पान बदलावें लागणार असल्यास पहिला. एकदां वापरलेला क्रमांक, ती आवृत्ति मागें घेतली तरी, त्या नांवाखालीं पुन्हां वापरतां येत नाहीं. आपल्या ‘गुण-अंक’ घटकांत रिकाम्या जागेचा दोष प्रकाशनानंतर सांपडला, तर १.०.० पुसूं नये, १.०.१ काढावी व सोबतच्या टिपणांत दोष काय होता तें उघड लिहावें, म्हणजे ज्या शाळांनीं जुनी आवृत्ति घेतली असेल त्यांस आपल्या गुणपत्रिका पुन्हां तपासतां येतील.