आपला फिजिशियन कोण?



महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघरी जातो. प्रार्थना आटोपली की बऱ्याच घरांतून एक प्लास्टिकची पिशवी पुढे येते. तिच्यात गोळ्यांच्या पट्ट्या, रक्ताचे रिपोर्ट, जुने एक्स-रे आणि चार-पाच डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. "फादर, जरा बघा ना," असे म्हणून ती आमच्या हाती दिली जाते. आमची पदवी तत्त्वज्ञानाची. त्या पिशवीतले आम्हांला फारसे कळत नाही. एवढे मात्र दिसते की हृदयाचा डॉक्टर वेगळा आहे, किडनीचा वेगळा, हाडांचा वेगळा, आणि ती सबंध पिशवी एकत्र वाचणारा मात्र कोणी नाही.

ती पिशवी एकत्र वाचणे हे ज्याचे काम, त्याला आपण फिजिशियन म्हणतो. एमबीबीएस झाल्यावर जनरल मेडिसिन या विषयात आणखी तीन वर्षे शिकून तो एमडी किंवा डीएनबी होतो. साखर, रक्तदाब, थायरॉइड, दमा, बरा न होणारा ताप, वजन का घटते याचा शोध, हे सारे त्याच्या कक्षेत येते. तो शस्त्रक्रिया करीत नाही. अ‍ॅरिस्टॉटलचे वडील राजवैद्य होते, आणि अ‍ॅरिस्टॉटलने एके ठिकाणी असा मुद्दा मांडला आहे की वैद्य 'मनुष्यजाती'वर उपचार करीत नाही, तो समोरच्या एका नाव असलेल्या माणसावर उपचार करतो. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याचा अर्थ अशा आजाऱ्यांच्या खाटेजवळ अधिक कळला.

आमच्या ओळखीच्या एका घरातील आजीबाईंची गोष्ट सांगतो. वय पंचाहत्तरच्या पुढे, साखर आणि रक्तदाब दोन्ही. एका डॉक्टरने रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी दिली होती. दुसऱ्याने पायांच्या सुजेसाठी तसलीच गोळी दिली, वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्या नावाची. तीन आठवड्यांनी आजी असंबद्ध बोलू लागल्या. घरच्यांना वाटले डोके फिरले, शेजाऱ्यांना वाटले नजर लागली. रक्तातील सोडियम खाली गेले होते. म्हाताऱ्या माणसांत या गोळ्यांनी असे होऊ शकते हे कोणत्याही फिजिशियनला माहीत असते. पण दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी कोणी पाहिल्याच नव्हत्या. पुढे रात्री त्यांना गाडीत घालून जे हॉस्पिटल आधी दिसले तेथे नेले. मुलाने ओळखीच्या फिजिशियनला फोन केला. ते म्हणाले, "मी त्या हॉस्पिटलला अटॅच नाही, तेथे मला येता येणार नाही." सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून झाल्या. आजी वाचल्या, पण बिल भरताना सुनेच्या बांगड्या गेल्या.

म्हणूनच आज हा विषय घेतला आहे. फिजिशियन आजारपणात शोधायचा नसतो, बरे असताना शोधायचा असतो. आणि शोधताना दोन गोष्टी तपासायच्या असतात. त्याची पदवी खरी आणि त्याच विषयाची आहे का, आणि तो कोणत्या हॉस्पिटलशी जोडलेला आहे. पहिलीविषयी लोक संकोचाने विचारीत नाहीत, दुसरी तर विचारायची असते हेच ठाऊक नसते.

आधी पाटीविषयी. पाटीवर नुसते 'एमडी' लिहिलेले पाहून आपण समाधानी होतो. एमडी कशात? पॅथॉलॉजीत एमडी होता येते, औषधशास्त्रात होता येते, आयुर्वेदात आणि होमिओपॅथीतही होता येते. ते आपापल्या विद्येत विद्वान असतील, पण आपल्या गुंतागुंतीच्या मधुमेहासाठी आपण ज्याला शोधतो आहोत तो हा नव्हे. रशियासारख्या काही देशांत वैद्यकाच्या पहिल्याच पदवीला एमडी म्हणतात. आपल्याकडे तिचे वजन एमबीबीएसएवढे असते. 'जनरल फिजिशियन' ही पाटी तर पुष्कळदा एमबीबीएस डॉक्टर लावतात. यात एमबीबीएस डॉक्टरांना कमी लेखायचे नाही. गावातला फॅमिली डॉक्टर हा पहिला आधार आहे, तो कधीही सोडू नये. डीएनबी ही पदवी काही जण दुय्यम समजतात, तेही चूक आहे. जनरल मेडिसिनची डीएनबी एमडीच्या तोडीची आहे. मात्र पदवीपुढे लागलेल्या प्रत्येक इंग्रजी अक्षराला पदवी समजू नये. त्यातली काही अक्षरे संघटनेच्या सभासदत्वाची असतात.

खात्री कशी करायची? आपल्या राज्यात अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. त्यासाठी १९६५ सालचा कायदा आहे. प्रत्येक डॉक्टरला नोंदणी क्रमांक मिळतो आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. २००२ सालच्या आचारसंहितेप्रमाणे हा क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठीवर, दाखल्यावर व पैशांच्या पावतीवर छापणे डॉक्टरला बंधनकारक आहे. म्हणजे तो विचारायलाही नको, चिठ्ठी उलटसुलट पाहिली की सापडतो. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक घातला की नोंद दिसते. पूर्वीच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी २०२० साली नॅशनल मेडिकल कमिशन आले. त्यांच्याकडे देशभरच्या डॉक्टरांची नोंदवही आहे, तीही घरबसल्या पाहता येते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या, त्यांची नावे तिकडे शोधावी.

येथे एक सावधगिरी. नाव पहिल्या फटक्यात सापडले नाही म्हणून कोणाला बोगस ठरवू नका. पुष्कळ डॉक्टर भगिनींची नोंद माहेरच्या नावाने असते. कोणाचे आडनाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिले जाते. आपल्या डिसोजा-डिमेलोंना हे सांगायला नको! नावापेक्षा क्रमांकाने शोधावे. नोंद सापडली पण तिच्यात एमबीबीएसच दिसते, एमडी दिसत नाही, असे झाले तर नम्रपणे डॉक्टरांनाच विचारावे. वाढीव पदवीची नोंद वेगळी करावी लागते. प्रामाणिक माणूस या प्रश्नाने रागावत नाही.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी खरे तर आम्ही लेखणी उचलली. आपल्या वसईत एकच फिजिशियन सकाळी स्वतःच्या दवाखान्यात, दुपारी एका हॉस्पिटलात आणि संध्याकाळी दुसऱ्या नर्सिंग होममध्ये दिसतो. पाटीवर तीन-चार हॉस्पिटलांची नावे असतात. त्या प्रत्येक नावामागचे नाते निराळे असते. कोठे तो पूर्णवेळ असतो. कोठे आठवड्यातून दोनदा ओपीडी घेतो, पण पेशंट स्वतःच्या नावाने दाखल करू शकत नाही. कोठे बोलावले तरच जातो. काही नावांपुढे बारीक अक्षरांत 'माजी' असते. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पूर्वी काम केले याचा मान जरूर ठेवावा, पण आज रात्री त्या माजीपणाने खाट मिळणार नाही.

म्हणून हॉस्पिटलला फोन करावा. "डॉक्टर तुमच्याकडे येतात का?" एवढेच विचारू नये. त्याला "हो, येतात" हेच उत्तर मिळते. विचारावे की कोणत्या वारी येतात, पेशंट त्यांच्या नावाखाली अ‍ॅडमिट होतो का, आणि रविवारी किंवा ते बाहेरगावी असताना त्यांच्या जागी कोण बघतो. हाच प्रश्न डॉक्टरांनाही पहिल्या भेटीत करावा: "डॉक्टर, रात्री काही झाले तर कुठे न्यायचे?" ज्याच्याकडे याचे स्पष्ट उत्तर आहे तो आम्हांला नामवंतापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. हॉस्पिटलविषयीही थोडे पाहावे. नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली करावी लागते आणि २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. आपण मात्र रिसेप्शनजवळ बसून भिंतीवरचे वाचायचे सोडून टीव्ही पाहतो.

मुंबईच्या सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत, म्हणजे केईएम, नायर, जेजे येथे, रीत वेगळी आहे. तेथे डॉक्टरपेक्षा 'युनिट' महत्त्वाचे. मेडिसिन विभागाची अनेक युनिटे असतात आणि प्रत्येकाचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. पहिल्यांदा ज्या युनिटकडे केसपेपर निघाला, पुढेही त्याच वारी जायचे. आपले लोक पहाटेची विरार लोकल पकडून भलत्याच वारी पोहोचतात आणि "तुमचे युनिट उद्या" हे ऐकून परततात. केसपेपरवर युनिटचे नाव लिहिलेले असते. वार विचारून तेथेच लिहून घ्यावा.

पैशाचे थोडक्यात सांगतो. विमा कंपनीच्या यादीत असते ते हॉस्पिटल, डॉक्टर नव्हे. यादी बदलत असते, म्हणून पॉलिसीबरोबर आलेल्या जुन्या पुस्तिकेवर विसंबू नये, कंपनीला फोन करावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. हॉस्पिटल योजनेत असले तरी आपल्या आजाराच्या विभागासाठी आहे का, हे त्यालाच विचारावे.

"फादर, आपल्यातला कोणी डॉक्टर सांगा," असे आम्हांला नेहमी विचारले जाते. आपल्या समाजातून डॉक्टर घडले याचा आम्हांलाही अभिमान आहे. परंतु बाप्तिस्म्याचा दाखला ही वैद्यकीय पदवी नव्हे, आणि किडनीला धर्मग्राम नसतो. या पत्रकात आम्ही कोणाचेही नाव छापणार नाही. नाव छापले की ती देवळाची शिफारस होते, आणि लोक मग वरचे काहीच तपासणार नाहीत. नावे तुम्ही फॅमिली डॉक्टरांना विचारा; दोन-तीन विचारा, आणि त्यांनी स्वतःच्या आईला कोणाकडे नेले हेही विचारा. कोणी एकाच लॅबचा किंवा एकाच हॉस्पिटलचा फारच आग्रह धरला तर थोडे थांबा. पेशंट पाठविण्याबद्दल पैसे घेणे-देणे आचारसंहितेने निषिद्ध आहे, हे तुम्हांला ठाऊक असलेले बरे.

पहिल्या भेटीला सगळ्या गोळ्या घेऊन जा, बंद केलेल्याही. फॅमिली डॉक्टरांची चार ओळींची चिठ्ठी घ्या. नवा फिजिशियन गोळ्यांची नावे एकेक करून विचारतो का, एखादी कमी करतो का, हे पाहा. औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे लिहावे हे २०१६ पासून आचारसंहितेत आहे. ते लिहिले असेल तर एकच गोळी दोन नावांनी पोटात जाणार नाही. आणि हॉस्पिटलातून घरी येताना केवळ बिल नव्हे, डिस्चार्जचा कागद मागून घ्या. दाखल रुग्णाचे कागद हॉस्पिटलने तीन वर्षे ठेवायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात.

एक अपवाद स्पष्ट सांगायला हवा. छातीत दाबल्यासारखे दुखत असेल, तोंड वाकडे झाले असेल, एक हात लुळा पडला असेल, तर यांतले काहीही करत बसू नका, आपल्या फिजिशियनची वाटही पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा सीटी स्कॅन व अतिदक्षता विभाग असलेले जवळचे हॉस्पिटल गाठा. मेंदूतली गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. घोडबंदरच्या खाडीपुलावर वाहतूक अडली तर त्यातला वेळ रस्त्यातच जातो. असे हॉस्पिटल आपल्या घरापासून कोणते जवळ आहे, हे आजच पाहून ठेवा.

पुढील रविवारी सकाळच्या दोन्ही मिस्सांनंतर देवळाच्या दाराशी युवक मंडळाची मुले कोरी कार्डे देतील. फिजिशियनचे नाव, नोंदणी क्रमांक, ते पेशंट दाखल करतात ते हॉस्पिटल, ते नसतील तर कोण, आणि चालू गोळ्या, एवढे त्यावर लिहायचे आहे. ज्यांना इंटरनेटवर नोंदणी शोधता येत नाही त्यांना मुले पॅरिश हॉलमध्ये फोनवर शोधून दाखवतील; येताना डॉक्टरांची एक चिठ्ठी आणावी. कार्ड पेन्सिलने भरा, कारण डॉक्टरांची हॉस्पिटले बदलतात.