जुन्या फियाटचे इंजिन आणि मापाची चिठ्ठी



कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. इंजिनाशी आमचा काय संबंध, असे कुणीही म्हणेल. पण एकाच मोटारीचे इंजिन आम्हाला दोनदा बांधून घ्यावे लागले. दुसऱ्या खेपेचा सारा खर्च केवळ एका धुण्यातल्या हयगयीमुळे झाला. म्हणून हा लेख.

गाडी आमच्या मरहूम वडिलांची, १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. गांधीबागेतून कापडाचे नमुने घेऊन ते हिच्यातूनच वर्धा, अमरावती करीत. मुंबईची काळी-पिवळी म्हणून लोक हिला ओळखतात. ती टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण या इंजिनाचे खानदान मोठे आहे. ६८ मिलिमीटरचा सिलिंडर, ७५ चा स्ट्रोक, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी, हे माप इटलीत १९३७ च्या फियाटला आले. लढाईनंतर पिएरो दुसिओ यांच्या चिसितालिया कंपनीने फियाटच्या याच ११०० इंजिनावर स्पोर्ट्स कार बनवल्या. १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत ताझिओ नुवोलारी या छोट्या गाडीत भर पावसात दुसरे आले. त्या कंपनीची एक २०२ आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. आपल्याकडे तेच माप कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पद्मिनीपर्यंत चालत राहिले. म्हणजे युरोपात त्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनावर जे काम होते, त्याचे बरेचसे हुनर नागपूरच्या फियाट मिस्त्रीच्या हातात आधीपासूनच आहे.

आम्हाला पहिला सल्ला मिळाला तो भंगारातून पद्मिनीचा ब्लॉक आणून बसवण्याचा. स्वस्त आणि झटपट! आम्ही नकार दिला. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते. पण चेसिस, बॉडी वा इंजिनात फेरफार झालेला नसावा. अशी गाडी मग धंद्यासाठी वापरता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मूळ नंबरचा ब्लॉक ही अमानत समजावी. सिलिंडर फारच खाल्ला गेला असेल तर स्लीव्ह बसवून तोच ब्लॉक वाचवता येतो.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून उलटी फिरते तिथे तो अधिक खातो, आणि पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या बाजूला लंबगोल होतो. म्हणून वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक जागी उभे-आडवे अशी सहा मापे घ्यावीत. चार सिलिंडरची चोवीस. तागा एका टोकाला मोजून सौदा करणाऱ्याला आपण काय म्हणतो? पिस्टन आधी विकत आणावे, त्यांचे माप घ्यावे आणि मगच बोअर करावे. उलट केले की पिस्टन एकतर ढिला पडतो, नाहीतर गरम झाल्यावर अडकतो. रिंगच्या तोंडाची फट दर इंच बोअरला तीन ते चार थाऊ, म्हणजे इंचाचे हजारांश, असा जुना हिशेब आहे. आपल्या ६८ मिलिमीटरला आठ ते अकरा थाऊ होतात.

आता आमची फजिती. शहरातल्या एका कारखान्याने क्रँक दहा थाऊ घासून दिला. काम चकचकीत होते. तीनशे किलोमीटर चालल्यावर अमरावती रोडवर, कोंढाळीच्या अलीकडे, तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला आणि खालून ठोके येऊ लागले. गाडी टोचन करून आणली. उघडून पाहतो तो बेरिंगचे शेल ओरखडलेले आणि त्यांत सानेची बारीक पूड रुतलेली.

क्रँकच्या पोटात तेलाच्या वाटा असतात आणि त्यांच्या तोंडांना टोप्या ठोकलेल्या असतात. घासताना उडालेली पूड त्या वाटांत शिरते. टोप्या काढून, ब्रश घालून, रॉकेलने आणि मग हवेच्या दाबाने वाटा साफ करायच्या, नव्या टोप्या बसवायच्या. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. ते झालेच नव्हते. क्रँक पुन्हा घासून वीस थाऊवर आणावा लागला, म्हणजे त्याच्या आयुष्याची एक पायरी फुकट गेली. कारागिराशी आम्ही भांडलो, खोटे कशाला सांगा. पण त्याने विचारलेला सवाल आजही टोचतो: "शेठ, धुलाईचे पैसे तुम्ही बिलात दिले होते का?" दिले नव्हते. भाव पाडताना तीच ओळ आम्ही कापायला लावली होती.

दुसरी बांधणी एका वयस्क उस्तादांनी केली. त्यांनी हेड सपाट पट्टीवर तपासले. ॲल्युमिनियमचे हेड नागपूरच्या मे महिन्यात एकदा तापले की वाकते. बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळले. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीची खूण केली, नाहीतर जुळलेला तोल बिघडून गाडी थरथरते. क्रॉस बदलले. डिफरन्शियलचे क्राउन आणि पिनियन ही जोडी आहे, एकटा दात कधी बदलू नये; दातांना रंग लावून ठसा मधोमध पडतो का ते त्यांनी पाहिले. आमच्या जोडीचा ठसा टोकाकडे सरकला होता. पिनियनखालच्या शिम बदलल्यावर तो जागेवर आला. गिअरबॉक्समध्ये फक्त पितळी सिंक्रो रिंग घातल्या.

उस्तादांची एक पद्धत आम्हाला फार पटली. प्रत्येक भागाचे आधीचे माप, नंतरचे माप, धुलाई आणि तिची मजुरी, असे चार रकान्यांचे कागद ते गिऱ्हाइकासमोर भरतात आणि त्यावर दोघांची सही होते. एक प्रत त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. भाव त्यांचा पहिल्यापेक्षा जास्त होता. या वेळी आम्ही एकही ओळ कापली नाही.

पहिले इंजिन सुरू करण्याआधी त्यांनी स्पार्क प्लग काढून स्टार्टर फिरवला, दाबाचा दिवा विझेपर्यंत. पाचशे किलोमीटरनंतर तेल काढून पांढऱ्या मलमलीवर गाळले. मलमल आमच्याच दुकानातली. तिच्यावर थोडी काळी चमक राहिली, पण बोटाला कण लागला नाही.