बळाने बुडविलेल्या व्यक्तीवरील उपचार व ग्रामपातळीवरील दक्षता

विहिरीत किंवा नदीच्या डोहात कोणी बुडाले की ‘पाय घसरला’ हे कारण बहुधा पंचनाम्यापूर्वीच गावात ठरून जाते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु एखाद्यास पाण्यात ढकलणे किंवा त्याचे तोंड पाण्याखाली दाबून धरणे हा शारीरिक हल्लाच होय आणि त्यास खोल पाणी लागतेच असे नाही. लहान मुलाच्या बाबतीत बादलीभर पाणीही पुरते.

अशा हल्ल्याच्या खुणा अंगावर उमटतीलच असेही नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज जोसेफ स्मिथ याने १९१२ ते १९१४ या काळात तीन स्त्रियांना स्नानाच्या टबात बुडवून मारले. झटापटीच्या खुणा फारशा नसल्याने ते मृत्यू प्रारंभी अपघाती वा आजारामुळे झालेले मानले गेले. १९१५ मध्ये तपास अधिकाऱ्याने टबात बसविलेल्या एका पट्टीच्या पोहणाऱ्या स्त्रीचे पाय अकस्मात वर ओढून पाहिले, तेव्हा ती तत्काळ बेशुद्ध झाली.

फुप्फुसात पाणी शिरले की वायुकोश उघडे ठेवणारा पातळ थर निकामी होतो, वायुकोश मिटतात आणि रक्तास प्राणवायू मिळेनासा होतो. खरा आघात मेंदूवर होतो. हृदय थांबल्यास चार ते सहा मिनिटांत कायमची हानी सुरू होऊ शकते. म्हणून पाणी काढण्यासाठी रुग्णास उलटे धरून फिरविणे किंवा पोट दाबणे ही आपल्याकडील रूढ पद्धत सर्वथा सोडली पाहिजे. तीत मोलाची मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. श्वास थांबला असेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावेत; मग तीस वेळा छातीदाब व दोन श्वास असा क्रम, मिनिटास १०० ते १२० दाबांच्या गतीने, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवावा. श्वास चालू असल्यास रुग्णास कुशीवर वळवावे. शुद्धीवर आलेल्यासही रुग्णालयात नेलेच पाहिजे, कारण धाप काही तासांनी वाढू शकते.

हल्ल्याची शंका असेल तेथे डॉक्टरांनी मान, डोके व दंड यांवरील वळ पाहून नोंदवावेत. रुग्णाची विचारपूस नातेवाइकांना बाहेर ठेवून करावी. सासरची माणसे खाटेजवळ उभी असता कोणती सून खरे बोलेल? ओले कपडे धुऊ नयेत. मृत्यू घडल्यास पोलीस पाटलांनी त्वरित वर्दी द्यावी. विवाहास सात वर्षे होण्याच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाल्यास शव तपासणीस पाठविण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १९४ मध्ये आहे. गावकऱ्यांच्या आग्रहास्तव अंत्यविधी उरकू देणे म्हणजे पुरावाच नष्ट होऊ देणे.

विहिरीस कठडा बांधल्याने अपघात टळतात, हल्ला टळत नाही. ‘विहिरीत ढकलून देईन’ ही धमकी घरात वारंवार ऐकू येत असेल, तर शेजारी, शिक्षिका वा पंचायत सदस्य यांनी ती रागाचे बोलणे समजून सोडू नये. महिलांसाठी १८१ व बालकांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याकडे पीडित स्त्रीखेरीज इतर कोणासही माहिती देता येते आणि सद्‌भावनेने ती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही.